पाटीवरचा 'असत' : संग्रहालय आणि वस्तीतली मुलं

दिवाळीच्या सुट्टीत अभ्यासिकेतल्या अकरा मुलांना घेऊन मी एका संग्रहालयात गेलो होतो. उत्तर नागपुरातली वस्ती, मुलं आठवी ते दहावीची. आदिवासी जीवनाच्या दालनात काचेमागे वाळलेल्या दुधीचा एक तुंबा ठेवला होता. खाली पाटी होती : 'आदिवासी लोक हे भांडे पाणी नेण्यासाठी वापरत असत.' नववीतली एक मुलगी तिथे थांबली. तिचे आईवडील गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीकडून बांधकामाच्या मजुरीसाठी आले आणि इथेच राहिले. ती म्हणाली, "सर, 'असत' काहून लिवलं? माझी आजी तं आताही वापरते. शेतावर जाताना आंबील नेते याच्यात."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीच पाटी मी दोन मिनिटं आधी मोठ्यानं वाचून दाखवली होती आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं. एका क्रियापदानं तिची हयात आजी भूतकाळात टाकली होती, आणि ते फक्त नातीला दिसलं.

दरवर्षी १८ मेला जागतिक संग्रहालय दिन येतो. शाळकरी मुलांचे रांगेतले फोटो छापून येतात आणि 'मुलांना वारशाची ओळख झाली' असं वाक्य असतं. जगातली काही संग्रहालयं मात्र किशोरवयीन मुलांना, त्यातही ज्यांना कुणी सहसा विचारत नाही अशा वस्त्यांमधल्या मुलांना, वर्षभर आत घेतात, कामाला लावतात आणि त्या कामाचे पैसेही देतात. याला 'युवा कार्यक्रम' म्हणतात. हे नेमकं काय असतं, त्यानं मुलांना बळ कसं मिळतं आणि आपल्या गावात त्याचा काय उपयोग, ते पाहू.

पाटी लिहितं कोण?

आधी घरातलं शोकेस आठवा. त्यात ट्रॉफी असते, लग्नातला फोटो असतो, कुणी विमानतळावरून आणलेली बाहुली असते. आजीचं जातं मात्र माळ्यावर. पाहुणा येतो, शोकेस पाहतो आणि घराबद्दल मत बनवून जातो. माळ्यावर काय आहे ते त्याला कळतच नाही.

संग्रहालयाचंही असंच असतं. वस्तू तिथे आपोआप येत नाही. कुणीतरी ती आणतं, नोंदवहीत चढवतं, तिला क्रमांक देतं. मोठ्या संग्रहालयांत बहुतेक वस्तू कोठीतच राहतात, थोड्याच दालनात येतात. कोणती वस्तू घ्यायची, कोणती मांडायची आणि पाटीवर काय लिहायचं, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्याकडे अभिरक्षक म्हणतात. बघणाऱ्याला दिसते ती या सगळ्या ठरवाठरवीनंतर उरलेली गोष्ट.

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं. मध्य प्रांत त्याच्या दोनच वर्षं आधी, १८६१ मध्ये, तयार झाला होता. नव्यानं हाती आलेला मुलूख, तिथले दगड, प्राणी, माणसं समजून घ्यायची, तर त्यांचे नमुने गोळा करायचे, ही त्या काळातल्या राज्यकर्त्यांची रीत. त्याच १८६३ मध्ये स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप टाकळघाटची शिलावर्तुळं, म्हणजे दफनांभोवती रचलेली दगडांची जुनी वर्तुळं, पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्यांनी गोंडांविषयी गोळा केलेले कागद पुढे मध्य प्रांताचे ब्रिटिश प्रशासक रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात गोंडांचा आदिपुरुष लिंगो याचं गाणंही होतं. काम मोलाचं होतं. पण छापलं गेलं ते इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी, आणि ज्यांच्या ओठांवर ते गाणं होतं ते लोक त्या वाचकांत नव्हते.

आपण या संग्रहालयाला 'अजब बंगला' म्हणतो. लहानपणी मला ते नाव फार आवडायचं, अजूनही आवडतं. पण तुंबा अजब वाटतो तो सिव्हिल लाइन्समधून बघणाऱ्याला. एटापल्लीत तो खुंटीला टांगलेला असतो.

हा विचार आता जगभरच्या संग्रहालयांनीही स्वीकारला आहे. त्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं ऑगस्ट २०२२ मध्ये प्रागच्या बैठकीत संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. संग्रहालय सर्वांना सामावून घेणारं असावं आणि त्याचं काम समाजगटांच्या सहभागानं चालावं, हे त्या व्याख्येतच लिहिलं आहे.

दार उघडं आहे, मग पोरं येत का नाहीत?

तिकीट फार नसतं, कधी माफही असतं. तरी टिमकीतला किंवा गिट्टीखदानचा पोरगा आपणहून संग्रहालयात गेल्याचं तुम्ही क्वचितच ऐकलं असेल. 'त्यांना आवडच नाही' असं म्हणून आपण मोकळे होतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९६०च्या दशकात युरोपातल्या कलासंग्रहालयांत कोण येतं याचा अभ्यास केला. प्रेक्षकांत शिकलेल्या घरांतलीच माणसं भरलेली आढळली. त्यांनी दाखवून दिलं, की कलेची 'आवड' ही जन्मजात वाटते, पण ती घरातून आणि शाळेतून घडलेली असते. कुठे कसं उभं राहायचं, काय बघायचं, काय बोलायचं, याची जी न शिकवता आलेली जाण असते तिला ते सांस्कृतिक भांडवल म्हणत. पैशासारखंच हेही वारशानं मिळतं, म्हणून भांडवल.

हे समजायला एखादं मोठं लग्न आठवा. आमंत्रण आहे, दार उघडं आहे, जेवणही फुकट आहे. पण आत ओळखीचं कुणी नाही, कपडे जरा साधे आहेत, आणि ताट नेमकं कुठून घ्यायचं ते कळत नाही. पाच मिनिटांत आपण कोपऱ्यात जाऊन मोबाईल काढतो. कुणी हाकललेलं नसतं. पण त्याच लग्नात नवरीचा मामा वाढपी म्हणून हातात बुंदीचं पातेलं देतो, तेव्हा काय होतं? आपण पंगतीत फिरायला लागतो, लोकांशी बोलतो, अर्ध्या तासात मांडव आपला होतो. मोफत प्रवेश म्हणजे आमंत्रण. युवा कार्यक्रम म्हणजे ते पातेलं.

सहलीपेक्षा हे वेगळं कसं?

नागपूरकरांना हा फरक फुटबॉलवरून लगेच कळेल. हिस्लॉप कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या विजय बारसे सरांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं पाहिली आणि त्यातून २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं. त्यांनी त्या पोरांना सामना बघायला स्टेडियमवर नेलं असतं, तर तीही चांगलीच गोष्ट झाली असती. त्यांनी चेंडू दिला आणि संघ बांधला.

सहल बघायला नेते. युवा कार्यक्रम खेळायला उतरवतो. तो साधारण आठ-दहा महिने तरी चालतो, दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी. मुलं थोडी असतात, पंधरा-वीस, म्हणजे कुणी मागे दडून राहू शकत नाही. एक मोठं माणूस कायम त्यांच्यासोबत असतं, दर महिन्याला बदलत नाही. शेवटी जे काही तयार होतं ते खऱ्या लोकांसमोर मांडलं जातं. आणि गरीब घरातल्या मुलांना भत्ता मिळतो, ज्याला आपण विद्यावेतन म्हणू. या शेवटच्या मुद्द्यावर वाद होतो, त्याकडे पुढे येतो.

डोळा कापणारी पोरं, उंदरांचं प्रदर्शन

सान फ्रान्सिस्कोचं एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय १९६९ मध्ये सुरू झालं. संस्थापक फ्रँक ओपनहायमर. अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपनहायमरचे धाकटे भाऊ आणि स्वतःही भौतिकशास्त्रज्ञ. राजकीय मतांमुळे विद्यापीठांची दारं बंद झाली, तेव्हा ते कोलोरॅडोत गुरं पाळत होते आणि पुढे तिथल्याच लहान गावातल्या शाळेत शिकवत होते. म्हणूनच असेल, त्यांनी संग्रहालयात समजावून सांगायला पदवीधर ठेवले नाहीत. शाळेतली मुलं ठेवली, पगार देऊन. विज्ञानात हुशार असण्याची अट नव्हती. ही मुलं लोकांसमोर गायीचा डोळा कापून त्यातलं भिंग बाहेर काढून दाखवतात. ज्याला काल माहीत नव्हतं आणि आज समजलं, तो परवा पाहुण्याला किती छान समजावतो, हे वर्गात मागच्या बाकावरून मित्राला गणित शिकवणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा.

दुसरं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. वॉशिंग्टनमधल्या अनाकोस्टिया या कृष्णवर्णीय वस्तीत, बंद पडलेल्या एका सिनेमागृहात, सप्टेंबर १९६७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेनं वस्तीचं संग्रहालय उघडलं. संचालक जॉन किनार्ड हे तरुण पाद्री आणि समाजकार्यकर्ते होते. तिथे येणाऱ्या मुलांच्या बोलण्यात उंदीर यायचे. घरात उंदीर, रात्री चावणारे उंदीर. मग १९६९ मध्ये संग्रहालयानं उंदरांवरच प्रदर्शन भरवलं, जिवंत उंदरांसकट. उंदीर का वाढतात, कचरा उचलला का जात नाही, घरं कशी आहेत, सगळं त्यात होतं. संग्रहालयात मांडायच्या लायकीचं काय असतं, याची व्याख्याच तिथे बदलली.

न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या स्टुडिओ म्युझियमचा एक कार्यक्रम छायाचित्रांचा आहे. जेम्स व्हॅन डर झी या छायाचित्रकारानं हार्लेमच्या माणसांचे, त्यांच्या लग्नांचे, मिरवणुकांचे फोटो अनेक दशकं काढले. किशोरवयीन मुलं ते फोटो महिनोन्महिने अभ्यासतात, मग स्वतः कॅमेरा घेऊन आजचं जग टिपतात, आणि त्यांचे फोटो त्या जुन्या फोटोंसोबत भिंतीवर लागतात.

आपल्या देशातही या वाटेवरची कामं आहेत. गुजरातेत तेजगढच्या आदिवासी अकादमीत 'वाचा' नावाचं संग्रहालय आहे, आवाजाचं संग्रहालय. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५पासून संग्रहालयालाच शाळेच्या दारात नेते. तिथून पुढचं पाऊल म्हणजे मुलांच्या हाती पाटी देणं.

यातून मुलाच्या आत काय घडतं?

'सक्षमीकरण' हा शब्द आपण इतका वापरतो, की त्यातून काही ऐकू येईनासं झालं आहे. म्हणून बारीक बघू.

वस्तीतल्या मुलाला लहानपणापासून एक गोष्ट शिकवली जाते : ज्ञान दुसरीकडे असतं. पुस्तकात, कोचिंग क्लासमध्ये, शंकरनगरच्या मुलांकडे. त्याच्या घरातलं जे आहे त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही. आज तुंब्यात आंबील थंड का राहते हे त्या मुलीला आजीमुळे माहीत आहे. उद्या पाटी तिला लिहायची असली, तर तिला ते तपासावं लागेल, चार लोकांना विचारावं लागेल, चाळीस शब्दांत बसवावं लागेल आणि अनोळखी माणसानं शंका काढली तर उत्तर द्यावं लागेल. घरचं माहीत असणं आणि ते ज्ञान म्हणून उभं करता येणं, यांत हे एवढं अंतर आहे. ते चालून गेलेलं मूल पुढे बँकेत, कॉलेजात, मुलाखतीत गेलं की नजर खाली घालत नाही. कारण त्यानं शंभर अनोळखी माणसांना डोळ्यांत डोळे घालून काहीतरी समजावलेलं असतं.

शिवाय ओळखी होतात. मजुराच्या मुलाला पुरातत्त्वाचा अभ्यासक, छायाचित्रकार, रसायनतज्ज्ञ असा माणूस जवळून भेटत नाही. असे व्यवसाय असतात हेच त्याला माहीत नसतं. दालनात उजेड मंद का ठेवतात? कारण कापड आणि जलरंग उजेडानं फिके पडतात, म्हणून त्यांच्यावर साधारण ५० लक्सइतकाच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश ठेवायची पद्धत आहे. आई रंगीत साडी सावलीत वाळवते तेच हे. पण हे बघत बसणं ही एक नोकरी आहे, आणि त्यासाठी रसायनशास्त्र लागतं, हे कळलं की दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाचा चेहरा बदलतो.

पुरावा आहे का? अमेरिकेतल्या चार कलासंग्रहालयांनी आपल्या किशोर कार्यक्रमांतून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१५ मध्ये अहवाल काढला. आत्मविश्वास, स्वतःची ओळख आणि कलेशी टिकलेलं नातं या गोष्टी अनेक वर्षांनीही त्यांच्यात दिसल्या. पण असे अभ्यास जपून वाचावेत. जे प्रश्नावलीला उत्तर देतात ते बहुधा आधीच खूश असतात, आणि अशा कार्यक्रमात जाणारं मूल मुळात धडपडं असू शकतं. म्हणून 'यानं सगळ्यांचं आयुष्य बदलतं' असा दावा मी करणार नाही.

नागपुरात पाटी कशा-कशावर लिहिता येईल?

इथे साहित्याची वाण नाही. काटोल रोडवर जुनापाणीला सुमारे तीनशे शिलावर्तुळं आहेत, लोहयुगातल्या माणसांची दफनं. त्यांतली काही १८६०च्या दशकातच उकरली गेली. शहरातली मुलं त्या रस्त्यानं जातात आणि बाजूला काय आहे ते त्यांना ठाऊक नसतं.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि इसवी सनापूर्वीचा बौद्ध स्तूप सापडला. तिथल्या शिल्पांत मुचलिंद नाग आहे, बुद्धाच्या रिकाम्या आसनावर फणा धरलेला. त्या काळी बुद्धाची मूर्ती न कोरता अशा खुणांनी तो दाखवत. आता हे लक्षात घ्या, की १५ ऑक्टोबर १९५६च्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडलं ते सांगताना नाग लोकांचा आणि इथल्या नाग नदीचा उल्लेख केला होता. इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतल्या पोराला हे भाषण घरच्यांकडून माहीत असतं. पवनीचा दगड माहीत असतोच असं नाही. दोन्ही एका पाटीवर आणायला त्याच्यापेक्षा योग्य माणूस कोण?

चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आहेत, त्यांत टंकलेखन यंत्रही आहे. दीक्षा समारंभाच्या आयोजनात असलेल्या वामनराव गोडबोले यांनी त्या जपल्या. त्या वस्तूंशेजारी, १४ ऑक्टोबरला पांढऱ्या कपड्यांत दीक्षाभूमीवर गेलेल्या पणजीची आठवण नातवानं नोंदवून ठेवली तर? त्या दिवशीचं साक्षात बघितलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखं नाही.

मोमिनपुऱ्यातले आणि गोळीबार चौकाकडचे माग आहेत. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस या कापडगिरणीत आयुष्य घालवलेल्यांची नातवंडं आहेत. रेल्वे स्टेशनवर ओझी वाहून पुढे अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी याच शहरातल्या. आणि २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, त्याचं काय? भिंतीवरची ओली रेघ, भिजलेल्या गुणपत्रिका, वाचवलेलं एखादं भांडं. अनाकोस्टियाच्या मुलांचे उंदीर होते, आपल्या मुलांकडे पूर आहे.

'यापेक्षा अभ्यास केला असता तर?'

आईवडिलांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. दहावीच्या वर्षी कुणी ओढून नेऊ नये. आठवी, नववी आणि अकरावी ही वर्षं बरी, आठवड्याला एक दुपार पुरे. मुलाखत घेणं, ती ऐकून कागदावर उतरवणं, लांब मजकूर चाळीस शब्दांत आणणं, हे भाषेच्या पेपरमधलंच सारांशलेखन आहे. फरक इतकाच, की इथे ते वाचायला लोक येणार असतात.

'नाजूक वस्तू पोरांच्या हाती?'

कुणी पहिल्याच दिवशी ताम्रपट हातात देत नाही. हाताळण्यासाठी म्हणून वेगळ्या ठेवलेल्या वस्तू आणि प्रतिकृती असतात, त्यांवर आधी शिकवतात : दोन्ही हातांनी धरायचं, कानाला किंवा मुठीला धरून उचलायचं नाही, खाली आधी मऊ कापड. ज्यांच्या घरात एकच स्टीलचा डबा तीस वर्षं जपून वापरला जातो, त्या मुलांना जपणं शिकवायला वेळ लागत नाही.

'पैसे कशाला? सेवाभाव राहू द्या'

सेवाभाव त्यालाच परवडतो ज्याच्या घरी संध्याकाळची भाजी ठरलेली आहे. रविवारी मंडपवाल्याकडे खुर्च्या उचलून पोरगा घरी पैसे आणतो. ते सोडून फुकट ये म्हटलं, तर येणारी मुलं धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागातलीच असतील आणि कार्यक्रम ज्यांच्यासाठी आहे ते बाहेर राहतील. चौदा वर्षांखालच्यांना कामाला लावायला कायद्यानं मनाई आहे, चौदा ते अठरा वयाला धोक्याच्या कामांची. त्यामुळे ही नोकरी नको. प्रवासखर्च, नाश्ता आणि विद्यावेतन असं स्वच्छ लिहून दिलेलं हवं.

'आणि हे नुसतं फोटोपुरतं राहिलं तर?'

ही शंका मला सगळ्यांत खरी वाटते. वस्तीतली मुलं आणायची, नाचवायची, फोटो काढायचा, बॅनर लावायचा, संपलं. असं झालं तर ते न झाल्याहून वाईट, कारण मुलाला कळतं, की इथेही आपण काचेमागेच आहोत. यावर ओळखायची खूण एकच : मुलांच्या सांगण्यावरून संग्रहालयानं काही बदललं का? एखादी पाटी उतरली का? नवी लागली, तर तिच्याखाली लिहिणाऱ्याचं नाव आहे का? मूल 'हे चुकलंय' म्हणालं, तेव्हा अभिरक्षकानं वही काढली की हसून खांद्यावर हात ठेवला? मुलं चुकतीलही. तेव्हा त्यांना पुराव्यासह चूक दाखवायची, जशी सहकाऱ्याला दाखवतात.

ती मुलगी घरी आल्यावर अभ्यासिकेच्या वहीत स्वतःची पाटी लिहायला बसली. तीनदा खोडली. आता ती अशी आहे : 'दुधी वाळवून, आतला गर काढून हा तुंबा करतात. माझी आजी यात शेतावर आंबील नेते. उन्हातही आंबील गार राहते.' वरच्या ओळीत तुंब्याचं गोंडी नाव लिहायचं आहे. तिनं आईला विचारलं, आईनं एक सांगितलं, मावशीनं दुसरं. आजीच्या गावात मोबाईलला रेंज नसते. आठवडी बाजाराच्या दिवशी ती खाली येते तेव्हाच फोन लागतो. तोवर ती ओळ रिकामी ठेवली आहे.